चक्र फिरवणारे हात हिशेबात कधी येणार?

सध्या ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. युरोपीय संघाने २०१५ साली तिचा कृती आराखडा जाहीर केला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये निरनिराळ्या टाकाऊ मालासाठी अकरा समित्या नेमल्या. तेव्हापासून या विषयावर पंचतारांकित हॉटेलांत परिषदा भरू लागल्या आहेत. अर्थ तसा सोपा आहे. माल बनवा, वापरा आणि फेकून द्या ही सरळ रेषा मोडायची आणि वापरून झालेला माल पुन्हा कच्चा माल म्हणून कारखान्यात आणायचा. मग अशा प्रत्येक परिषदेत एक प्रश्न हमखास निघतो. कंपन्या, महानगरपालिका, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था या चक्राकडे वळत का नाहीत? तंत्रज्ञान महाग आहे, भांडवल मिळत नाही, लोकांत जागृती नाही, अशी उत्तरे येतात. ती खोटी नाहीत. पण जिच्या गोणीतून हे चक्र गेली पन्नास वर्षे फिरते आहे, ती बाई त्या सभागृहात नसते. त्यामुळे मुख्य अडथळा कोणाच्या तोंडी येत नाही.

तो अडथळा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो फौजदारी न्यायालयात. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या मागच्या फाटकाबाहेर पुठ्ठ्याचा ढीग पडला होता. पावसात भिजून त्याचा लगदा व्हायला लागला होता. पन्नाशीच्या एका बाईने त्यातला कोरडा राहिलेला पुठ्ठा निवडून गोणीत भरला. सुरक्षारक्षकाने तिला धरले, पोलीस ठाण्यात नेले आणि तिच्यावर भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ लागले. चोरी! मुद्देमाल काय, तर अंदाजे अकरा किलो पुठ्ठा आणि एक फाटकी गोणी. वस्तीतल्या कार्यकर्त्याचा फोन आला म्हणून मी गेलो. बाई शांत बसली होती. मला म्हणाली, “दादा, टाकलेलं उचललं तर चोरी. नाही उचललं तर म्हणतात गाव घाण झालं. आमी करायचं तरी काय?”

टाकून दिलेल्या वस्तूची चोरी होत नाही, हे कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मालकाने वस्तूवरचा ताबा आपणहून सोडलेला असतो. पण तो पुठ्ठा टाकलेला होता की ठेवलेला होता, हे ठरवायला आपल्या न्यायालयात दोन-तीन वर्षे सहज जातात. अखेरीस कंपनीने तडजोड मान्य केली आणि खटला मिटला. तोवर बाईच्या नऊ तारखा झाल्या होत्या. म्हणजे नऊ दिवसांची रोजी बुडाली होती. तडजोडीच्या कागदावर सही घ्यायला मी कंपनीत गेलो, तर स्वागतकक्षात हिरव्या अक्षरांत पाटी लावलेली होती, ‘आमचे ध्येय शून्य कचरा’.

तिथला व्यवस्थापक माणूस म्हणून भला होता, हे मुद्दाम सांगतो. झाल्या प्रकाराने तो ओशाळला होता. त्यानेच विचारले, “वकीलसाहेब, आमच्याकडे रोज एवढा सुका माल निघतो, तो या महिलांच्या गटालाच देता येणार नाही का?” मला आनंद झाला. आम्ही बाया गोळा केल्या, गटाची नोंदणी केली, बँकेत खाते उघडले. मग खरेदी विभागाची निविदा हातात पडली. तीन वर्षांची उलाढाल पन्नास लाख हवी. अनामत पाच लाख हवी. स्वतःच्या मालकीची दोन बंद वाहने हवीत. वीस वर्षांच्या वकिलीत मी बाकी काही शिकलो नसेन, पण निविदेच्या अटी कोणाला आत घेण्यासाठी आणि कोणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिल्या जातात, तेवढे वाचता येते. ठेका भंगाराच्या एका बड्या ठेकेदाराला गेला. त्याने काय करावे? त्याच बायांना रोजंदारीवर माल निवडायला बसवले. जो पुठ्ठा विकून बाई स्वतः पैसे कमावत होती, तोच पुठ्ठा आता ती दुसऱ्याच्या मालकीचा म्हणून निवडते. कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र चक्र पूर्ण झाले. त्यावर पान भरून छायाचित्रेही आली आहेत.

व्यवस्थापकाची इच्छा होती, बायांचे कसब होते, मालाला बाजार होता. तरीही संस्था वळली ती अशी. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या गावगाड्याकडे पाहा. ज्याला आज चक्राकार म्हणतात ते गावात शेकडो वर्षे चालू होते. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई, फाटक्या लुगड्यांची गोधडी होई, झिजलेल्या भांड्याला कल्हई लागे, मोडका फाळ लोहाराकडे परत जाई. आणि जनावर मेले की त्याचे कातडे, हाडे, शिंगे, खुरे यांतले काहीही वाया जात नसे. महाराने ढोर ओढायचे, ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने त्याची मोट आणि वहाण शिवायची, पुन्हा ती शेतकऱ्याच्या विहिरीवर आणि पायात. याहून परिपूर्ण चक्र कोणत्या परिषदेत दाखवाल? गावात कचराकुंडी नव्हती, कारण गावकुसाबाहेर आम्ही होतो. टाकाऊ मालाला पुन्हा किंमत आणणारे हातच त्या व्यवस्थेने विटाळाचे ठरवले आणि हात विटाळाचे ठरले की त्यांना मजुरी देण्याचे कारण उरत नाही. उष्टे देऊन भागते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. गावोगाव लोकांनी तो पाळला आणि त्यासाठी मार खाल्ला. तेव्हा ‘केसरी’तून हिशेब मांडला गेला की, शिंगे, खुरे, हाडे यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न महार लोक मूर्खपणाने बुडवीत आहेत. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकिकत सांगितली आहे. त्यांचे त्या वेळचे उत्तर असे होते की, एवढा फायदा आहे तर ते काम तुम्हीच करा, वर पाचशे रुपये मी पदरचे देतो. कोणी पुढे आले नाही. वाचकांनी हा प्रसंग अनेकदा ऐकला असेल. पण चक्राकार अर्थव्यवस्थेच्या चर्चेत तो पुन्हा आठवावा असा आहे. टाकाऊ मालात पैसा आहे, हे त्या हिशेबनिसालाही दिसत होते. फक्त तो मिळवण्यासाठी वाकायचे कोणी, हे त्याने जातीवर सोपवले होते.

इथे आमच्यातही एक वाद आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरुणपणी मी एका वस्तीत जयंतीच्या सभेत तावातावाने बोललो होतो, की कचरा वेचणे म्हणजे शहरातले ढोर ओढणे आहे, ते उद्या सकाळपासून बंद करा. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक म्हातारी जवळ आली. ती १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आलेली. म्हणाली, “लेकरा, सोडते की. पण मी सोडलं की मशीनवाला यील, अन् पैका त्याचा हुईल. माझ्या नातवाची फी तू भरशील का?” मला तेव्हा उत्तर आले नाही. आज थोडेफार येते. ढोर ओढणे वतनाने बांधलेले होते. ते नाकारण्याखेरीज सुटका नव्हती. कचरा वेचणारीला कोणी वतन दिलेले नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. जोवर या मालाला भाव नव्हता तोवर तो तिच्या माथी होता आणि आता भाव येऊ लागल्यावर तो तिच्या हातून काढून घेतला जात आहे. सोडायचे असेल तर तिने आपल्या मर्जीने सोडावे. हुसकले जाणे म्हणजे मुक्ती नव्हे.

पुण्यात याला दुसरा रस्ता निघाला, तो नीट पाहण्यासारखा आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य महिला मातंग आणि बौद्ध. पंचायतीने आधी ओळखपत्रे मिळवली आणि त्यांना पालिकेची मान्यता मिळवली. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट आहे, पण ओळखपत्र असलेल्या बाईवर चोरीचे कलम लावायला हवालदार दोनदा विचार करतो. पुढे वेचकांच्या श्रमामुळे पालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब मांडला. उपकार मागायला न जाता देणे वसूल करायला जाण्याची ही रीत होती. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि पुणे महानगरपालिका यांच्यात करार झाला. दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यायचा, घरटी ठरलेले शुल्क घ्यायचे आणि सुक्या मालावर हक्क गोळा करणारीचा. आज तीन हजारांहून अधिक सभासद हे काम करतात.

या करारातले कलम मला वकील म्हणून सर्वांत मोलाचे वाटते ते सुक्या मालाच्या हक्काचे. बाकी सर्व त्यातून येते. माल आपला आहे म्हटल्यावर बाई तो काळजीने निवडते. दुधाची पिशवी, शॅम्पूची बाटली, बाटलीचे झाकण यांचे ढीग वेगळे करते, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा आहे. पगारी ट्रकवर आलेला मजूर हे करणार नाही, आणि त्याने का करावे? उलट पुष्कळ शहरांत कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. टनावर पैसे म्हणजे जितका कचरा जास्त आणि जितका ओला तितकी कमाई जास्त. असा करार करायचा आणि वर कचरा कमी करा म्हणून भिंती रंगवायच्या! चक्राला खीळ घालणारे यंत्र कोणते, असे कोणी विचारले तर मी अशा कराराचे ते एक कलम दाखवीन.

पण पुण्याचेही गोडवे फार गाऊ नयेत. पाच वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला, पुढचा झाला तो २०१६ मध्ये. मधला काळ त्या बाया करारावाचून काम करीत राहिल्या. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी ठेकेदाराची यंत्रे बरी, असे म्हणणारे निघतात. माल निवडायला शेड लागते, आणि शहराच्या विकास आराखड्यात वाहनतळाला जागा निघते, शेडला निघत नाही. शेड निघालीच तर शेजारच्या सोसायटीची हरकत येते. वास येतो म्हणून. कचरा आपला, वास मात्र त्यांचा!

भावाचीही गोष्ट आहे. २००८ च्या अखेरीस जगात मंदी आली आणि इथे वस्तीतल्या भंगाराच्या दुकानात पुठ्ठ्याचा आणि प्लॅस्टिकचा भाव कोसळला. त्या बायांनी अमेरिकेतल्या बँकेचे नावही ऐकले नव्हते. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते, मग जुने कोण घेणार? कंपन्यांना जुना माल वापरायला लावायचे तर बाजाराच्या मर्जीवर सोडून चालत नाही, कायद्याने भाग पाडावे लागते. त्या दिशेने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लॅस्टिक वेष्टनांबाबत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ या वर्षी तीस टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल असावा, आणि पुढे तो वाढत जावा, असे लक्ष्य त्यात घातले गेले. हे पाऊल योग्यच होते. परंतु जबाबदारी पार पाडल्याचे प्रमाणपत्र तयार होते ते नोंदणीकृत प्रक्रिया कारखान्याच्या नावाने. कंपनी ते विकत घेते, पैसा कंपनीकडून कारखान्याकडे जातो. गोणी वाहणारीपर्यंत तो पोचावा, अशी सक्ती त्यात नाही. आणि नुसत्या कागदावर चक्र फिरू लागले की काय होते तेही दिसले. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकातल्या काही कारखान्यांनी लाखो बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. न वेचलेले प्लॅस्टिक, न वितळवलेले प्लॅस्टिक, पण प्रमाणपत्र मात्र पक्के. जिच्या हातात खरा माल असतो तिला साखळीबाहेर ठेवले की खोट्या मालाला दार उघडते, असे मी म्हणतो ते यामुळे.

उत्पादकाने आपला माल परत घ्यावा, हे या देशात कोणी प्रथम करून दाखवले? माझ्या माहितीतला सर्वांत धीट प्रयोग पुण्यातल्या कचरावेचक महिलांचा आहे. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडे टाकले जातात आणि हातांनी वेगळे करावे लागतात, याबद्दल त्या वर्षानुवर्षे तक्रार करीत होत्या. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत, प्रत्येक नॅपकिनबरोबर ते गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले गेले. त्याच नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन कामात सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. नॅपकिनची पिशवी उघडल्यावर त्या अधिकाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, याचा विचार करून मला अजूनही हसू येते.

कायद्याच्या पुस्तकातला आणखी एक विरोधाभास सांगतो. केंद्र सरकारची एक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, आरोग्याला धोका असलेल्या सफाईच्या व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठी. त्या यादीत हाताने मैला साफ करणारे आहेत, कातडे कमावणारे आहेत, कातडे सोलणारे आहेत आणि नंतर कचरावेचकही आले. म्हणजे शिष्यवृत्ती देताना सरकारला बरोबर कळते, की ढोर ओढणारा आणि गोणी वाहणारी एकाच ओळीत बसतात. मात्र परिषदेच्या व्यासपीठावर तेच काम ‘हरित रोजगार’ होते आणि जात गायब होते. रंग बदलल्याने कामाची जात बदलत नाही. हातमोजे, हजेरीपुस्तक, भविष्यनिर्वाह निधी आणि मालावरची मालकी आली तर बदलू लागते.

आणि आपले काय? आपल्या समाजातली मुले आता कंपन्यांच्या खरेदी विभागात आहेत, पालिकेत घनकचरा खात्यात अधिकारी आहेत, काही उद्योजकही झाले आहेत. निविदेचा मसुदा त्यांच्या टेबलावरून जातो. उलाढालीची अट पन्नास लाखांवरून पाच लाखांवर आणणे, सहकारी गटाला अनामतीतून सूट देणे, ठेकेदाराऐवजी माल निवडणारीच्या खात्यात पैसे जमा करणे, यासाठी क्रांती लागत नाही, एक टिपणी लागते. मी अशा दोन-तीन अधिकाऱ्यांना भेटलो. एकाने चहा पाजला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, या विषयात माझे नाव नको. आधीच आपल्या लोकांची बाजू घेतो म्हणतात.” त्याची अडचण मला समजते. तिच्यामुळे माझा राग कमी होत नाही.

ज्या कंपनीची गोष्ट वर सांगितली, तिच्या सुक्या मालाच्या ठेक्याची मुदत संपत आली आहे. नवी निविदा निघाली आहे. उलाढालीची अट तशीच आहे, फक्त वाहनांत आता जीपीएस हवे असे वाढले आहे. आमच्या गटात आज सतरा महिला आहेत. ती पुठ्ठ्याची बाई त्यांची खजिनदार आहे. अट शिथिल करण्याची मागणी करणारे पत्र आम्ही गेल्या सोमवारी खरेदी विभागात दिले आणि पोच घेतली. पोचेवर शिक्का नीट उमटला नव्हता, म्हणून बाईंनी तो दुसऱ्यांदा मारून घेतला.